टेहळणीचे विमान आणि कुतचा वेढा

सातारा जिल्ह्यातील जुन्या गावांतून फिरताना एखाद्या चावडीच्या किंवा वेशीच्या भिंतीत बसविलेली पाटी प्रवाशाच्या दृष्टीस पडते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून अमुक इतके पुरुष गेले, त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण अर्पिले, एवढाच मजकूर तीवर असतो. पाटी इंग्रज सरकारने बसविलेली. शब्दरचना गावोगाव सारखीच. बदलतो तो केवळ आकडा. साताऱ्याजवळचे अपशिंगे, ज्यास आज सारे लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात, त्या गावाने या युद्धात ४६ माणसे गमाविली. ती कोण, कोणत्या रणांगणावर पडली, हे अशा पाट्यांवरून कळावयाचे नाही.

आता दुसऱ्या एका वस्तूकडे वाचकांचे लक्ष वेधतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात येओविल्टन येथे आरमारी विमानदळाचे संग्रहालय आहे. तेथे एका पुरातन विमानाच्या धडाचा पुढचा तुकडा जपून ठेविला आहे. पंख नाहीत, शेपूट नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर जो बाँबवर्षाव झाला त्यात उरलेसुरले अंगही खिळखिळे झाले. तथापि या लाकडी सांगाड्याचा क्रमांक ठाऊक आहे, ८३५९. तो कोणत्या कारखान्यात बांधला गेला, त्यात कोण बसले होते, कोणत्या दिवशी कोणत्या घटकेस ते कोठे उडाले, हे सारे ठाऊक आहे.

चावडीच्या भिंतीतील पाटी आणि परदेशच्या संग्रहालयातील हा सांगाडा यांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध आहे, आणि तो पिठाच्या पोत्याचा आहे. १९१६ च्या एप्रिल महिन्यात याच जातीची काही विमाने तैग्रीस नदीकाठच्या एका वेढलेल्या गावावर पिठाची पोती टाकीत होती, आणि त्या पोत्यांकडे डोळे लावून खाली बसलेल्यांत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या.

प्रथम विमानाची हकीकत सांगावयास हवी. महायुद्ध सुरू झाले तेव्हा विमानाची विद्या अकरा वर्षांची होती. समुद्रावर तिचा उपयोग काय, याविषयी इंग्रजी आरमारातील जुने अधिकारी साशंक होते. परंतु मरे स्यूटर नावाच्या एका अधिकाऱ्याने असा आग्रह धरला की, पाणतीर घेऊन उडेल आणि शत्रूच्या जहाजावर तो सोडील असे विमान व्हावयास पाहिजे. हे काम शॉर्ट बंधूंच्या कारखान्याकडे आले. तिघा भावांतील होरेस शॉर्ट हा यंत्रकलेत विलक्षण बुद्धीचा मनुष्य होता. १९१५ च्या आरंभी त्याने जे विमान उभे केले त्याला पुढे 'शॉर्ट १८४' हे नाव पडले. नावात काव्य शोधू नये. आरमाराच्या वहीत पहिल्या विमानापुढे जो अनुक्रमांक पडला तोच जातीचे नाव झाला. कोणी त्यास एंजिनाच्या अश्वशक्तीवरून 'दोनशे पंचवीस' असेही म्हणत.

विमान दुपंखी, म्हणजे पंखांच्या दोन जोड्या एकीवर एक, मध्ये लाकडी खांब आणि तारांचे ताण. सांगाडा लाकडाचा, वर कापड. चाकांच्या जागी दोन लांबट तराफे, शेपटीखाली एक लहान तराफा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंखांचा विस्तार साडेत्रेसष्ट फूट. एवढे धूड जहाजात मावावयाचे कसे? त्यासाठी शॉर्ट बंधूंनी पंख मागे मिटण्याची युक्ती युद्धापूर्वीच काढून तिचे हक्क नोंदवून ठेविले होते. पाखरू फांदीवर बसल्यावर जसे पंख अंगाशी घेते तसे हे विमान जहाजावर घेई. आणि पुन्हा पंख पसरून ते पक्के अडकविण्याचे काम चालकास जागेवरून न उठता करता येई. वेग ताशी अठ्ठ्याऐंशी मैलांच्या घरात, आणि हवेत टिकण्याची मुदत पावणेतीन तास. चालकामागे टेहळ्या बसे. त्याच्यापाशी बिनतारी यंत्र असे आणि शिवाय वेताच्या पेटीत कबुतरे असत. नव्या विद्येने दगा दिला तर जुनी उपयोगी पडावी, हा शहाणपणा आम्हांस मोठा मनोरम वाटतो.

ज्या जहाजांवरून ही विमाने जात त्यांना आजच्या अर्थाने विमानवाहू म्हणणे धाडसाचे होईल. सपाट तक्त्यावरून धावत जाऊन उडण्याचा प्रकार तेव्हा रूढ नव्हता. 'बेन-मी-क्री' ही मुळात मॅन बेटाला उतारू नेणारी आगबोट. तेथील भाषेत तिच्या नावाचा अर्थ 'माझ्या हृदयीची कन्या' असा होतो. तिच्या पाठीवर विमानांसाठी एक कोठार बांधले आणि यारी बसविली, की झाली युद्धनौका. विमान यारीने उचलून पाण्यात सोडावयाचे, ते पाण्यावरून धावत उडावयाचे, परत पाण्यातच उतरावयाचे आणि पुन्हा यारीने वर घ्यावयाचे. समुद्र खवळला तर सारेच खुंटले. अशाच रीतीने १२ ऑगस्ट १९१५ रोजी एडमंड्स नावाच्या चालकाने दार्दानेल्सच्या मोहिमेत या जहाजावरून उड्डाण करून एका तुर्की जहाजावर पाणतीर सोडला. विमानातून जहाजावर पाणतीर सुटण्याची ती जगातील पहिली वेळ. परंतु पाणतीर उचलला की विमानास धाप लागे. म्हणून पाणतिराचा हा नवलाचा प्रकार मागे पडला, आणि टेहळणी व पाणबुड्यांचा शोध हेच या विमानाचे नित्याचे काम होऊन बसले.

त्या टेहळणीचा सर्वांत प्रसिद्ध दिवस म्हणजे ३१ मे १९१६. जटलंडच्या समुद्रात इंग्रज व जर्मन आरमारे समोरासमोर येत असता 'एंगेडीन' या जहाजावरून ८३५९ क्रमांकाचे विमान दुपारी तीनच्या सुमारास वर गेले. चालक रटलंड, टेहळ्या ट्रेविन. ढग इतके खाली आले होते की विमानास सुमारे हजार फुटांवरूनच जावे लागले. त्यांनी जर्मन जहाजे पाहिली, त्यांची दिशा बदललेली पाहिली आणि बिनतारी संदेश धाडला. इतक्यात एंजिनातील पेट्रोलची नळी तुटली. रटलंडने समुद्रावर उतरून रबराच्या तुकड्याने ती सांधली. इतके करून शेवटी काय, तर तो संदेश सेनापतीच्या हाती वेळेवर पोहोचलाच नाही. आरमारांच्या लढाईत विमानाने केलेली ही पहिली टेहळणी. पाहणाऱ्याने पाहिले आणि ज्याने जाणावयाचे त्यास कळले नाही, अशी तिची गत झाली. हा रटलंड पुढे जपानच्या नोकरीत शिरला, दुसऱ्या महायुद्धात त्यास इंग्रज सरकारने स्थानबद्ध केले आणि १९४९ साली त्याने आत्मघात केला. ती कथा निराळी आहे.

या विमानाचे पोटभेद पुष्कळ झाले. एंजिनाची शक्ती २२५ वरून २४० वर व पुढे २६० वर नेली. काहींत सनबीमच्या जागी फ्रेंच रेनॉ एंजिन घातले. एका प्रकारात पुढची बैठक काढून टाकून त्या पोकळीत पासष्ट पौंडी नऊ बाँब उभे टांगले. याच घराण्यातून पुढे जमिनीवरील बाँबफेके विमान निघाले, आणि ३२० अश्वशक्तीचा एक थोरला वारसही निघाला. त्याच्या आगेमागेचे एक धाकटे भावंड होते, ते 'शॉर्ट ८२७'. त्याचा उल्लेख पुढे येईल. निरनिराळ्या कारखान्यांत मिळून १८४ जातीची नऊशेहून अधिक विमाने झाली. त्या काळच्या मानाने हा आकडा फार मोठा होय.

आमच्या किनाऱ्याशीही या जातीचा एक संबंध आला, तो जाता जाता सांगतो. १९१७ च्या फेब्रुवारीत 'वोल्फ' नावाच्या जर्मन जहाजाने मुंबईबाहेरच्या समुद्रात चोरून सुरुंग पेरले. त्यांपैकी एकावर २३ जून रोजी 'मंगोलिया' ही टपालाची आगबोट आदळून बुडाली. 'वोल्फ'पाशीही एक दुपंखी टेहळणी विमान होते. खलाशी त्यास लाडाने लांडग्याचे पिलू म्हणत. ते वर जाऊन भोवतालचा समुद्र पाहून येई आणि जहाज त्याप्रमाणे सावजावर झडप घाली किंवा पळ काढी. त्याच्या शोधार्थ इंग्रजांनी 'रेव्हन' नावाचे जहाज हिंदी महासागरात धाडले. त्यावर शॉर्ट १८४ होती. शोध व्यर्थ गेला. सुरुंग मात्र त्या वर्षाच्या अखेरपर्यंत बोटी बुडवीत राहिले.

आता तैग्रीसकाठी जाऊ. मेसापोटेमियाची मोहीम हिंदुस्थान सरकारने चालविलेली होती. तिचा कणा जी सहावी डिव्हिजन, तिचे नावच पुणे डिव्हिजन. तीत १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री व ११७ वी मराठा पलटण होती. या पलटणींतील शिपाई सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, पुणे या मुलखांतले. येथे एक खुलासा अवश्य आहे. आजचा सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. सांगली आणि मिरज ही संस्थाने होती. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात मोडत. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा महायुद्धाच्या काळी 'सातारा' म्हटले की त्यात आजच्या सांगलीचाही बराच भाग आला, असे समजावे.

जनरल टाउनशेंड हा या डिव्हिजनचा सेनापती. बगदादच्या लोभाने तो फार पुढे गेला, टेसिफोन येथे त्याचे सैन्य थकले, आणि मागे हटून ते कुत-अल-अमारा या गावात येऊन बसले. तैग्रीस नदी तेथे मोठे वळण घेते. गाव त्या वळणाच्या कुशीत, तिन्ही बाजूंस पाणी, चौथ्या बाजूस तुर्कांचे खंदक. ७ डिसेंबर १९१५ रोजी वेढा पडला. आत सैनिक व बाजारबुणगे मिळून तेरा हजारांहून अधिक माणसे, आणि शिवाय गावचे सहा हजारांच्या घरातील अरब रहिवासी.

जानेवारी सरता सरता शिधा आटू लागला, आणि तोफखान्याची व घोडदळाची जनावरे मारण्यास आरंभ झाला. गोऱ्या पलटणींनी घोड्याचे मांस खाल्ले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारले. या नकारावर इंग्रज ग्रंथकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. शिपायांच्या धर्मभोळेपणामुळे कुत पडले, असाही सूर काहींनी लाविला आहे. हे विवेचन आम्हांस अपुरे वाटते. दसऱ्यास ज्याची पूजा करावयाची आणि पालीच्या खंडोबाचे जे वाहन, ते जनावर कापून खाणे ही गोष्ट शेतकऱ्याच्या पोरास सोपी नव्हती, हे खरेच. परंतु त्याहून मोठी धास्ती गावाची होती. आपण परत गेलो तर पंगतीस कोण घेईल, आपल्या घरी मुलगी कोण देईल, ही शंका हिंदी शिपायांनी बोलून दाखविल्याचे नमूद आहे. ज्यास जगून परत जाण्याची आशा आहे तोच असा विचार करतो. टाउनशेंडने बिनतारी यंत्राने हिंदुस्थानातून धर्मगुरूंचे अनुमतिपत्र मागविले आणि ते पलटणींस वाचून दाखविले. तरीही बहुतेकांनी एप्रिल उजाडल्यावरच, म्हणजे पाय सुजून, हिरड्या सडून गेल्यावर, ते मांस तोंडी घातले. माण, खटाव, जतकडच्या माणसास उपाशी राहण्याची कला शिकवावी लागत नाही. १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांत जन्मलेली वा रांगणारी पोरेच ती! दुष्काळात काय खाऊ नये हे या मुलखाने काय खावे याच्या आधी शिकलेले आहे. त्या निश्चयास आम्ही शहाणपणा म्हणत नाही; पण कुत पडल्याचे खापर त्यावर फोडणेही आम्हांस मान्य नाही. याचे कारण खालील हिशेबात आहे.

एप्रिलच्या मध्यास माणशी पिठाचा शिधा चार-पाच औंसांवर आला. वेढा फोडण्यासाठी बाहेरून येणाऱ्या फौजेची हजारो माणसे खंदकांपुढे पडली, तरी वाट मोकळी होईना. तेव्हा वरून अन्न टाकण्याची कल्पना पुढे आली. आरमाराची विमाने या नदीवर अगोदरच आलेली होती. पूर्व आफ्रिकेत एका जर्मन क्रूझरचा माग काढणाऱ्या गॉर्डन या अधिकाऱ्याने १९१५ च्या सप्टेंबरात 'शॉर्ट ८२७' जातीची विमाने बसऱ्यास आणली, आणि १९१६ च्या फेब्रुवारीत त्यांच्या जोडीस 'शॉर्ट १८४' आली. समुद्रासाठी जन्मलेले हे यंत्र नदीवर अवघडले. धावण्यास सरळ, लांब पाणी हवे, आणि तैग्रीस तर नागमोडी. ऊन असे की एंजिनावरील पाणी उकळावे आणि सांधे सुटावेत. तापल्या विरळ हवेत ओझे घेऊन वर चढताना विमान कुथत असे.

१५ एप्रिलपासून २९ एप्रिलपर्यंत आरमाराची ही विमाने आणि लष्कराच्या ३० व्या तुकडीची जमिनीवरील विमाने मिळून कुतवर खेपा करीत राहिली. वेढलेल्या सैन्यास विमानांतून रसद पुरविण्याचा इतिहासातील हा पहिला मोठा प्रयत्न. पीठ, साखर, मीठ, औषधे, पैसे, मासे धरण्याची जाळीही टाकण्यात आली. त्यापूर्वी मार्चअखेरीस तर दळण्यासाठी जात्याचा दगड टाकला होता, सुमारे सत्तर पौंडांचा! आपल्याकडे नव्या सुनेस जाते हलेना म्हणजे सासू टोमणा मारी. तेच जाते आकाशातून उतरताना पाहून साताऱ्याच्या शिपायास काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. ज्याने यंत्र म्हणून फार तर ऊस गाळण्याचा चरक, मिरजेवरून जाणारी आगगाडी आणि किर्लोस्करवाडीचा नवा लोखंडी नांगर पाहिला होता, त्याच्यावर आता यंत्रच पीठ उधळीत होते.

उधळीत होते हा शब्द आम्ही जाणून योजला आहे. गाव चिंचोळे आणि तिन्ही बाजूंस नदी. वरून फेकलेले पोते थोडे मागेपुढे झाले की तैग्रीसात तरी पडे, नाही तर तुर्कांच्या खंदकात. तटबंदीवर बसलेल्या भुकेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत पिठाची पोती पाण्यात बुडत. खालून बंदुकांचा मारा होई. आणि शत्रूपाशी फोकर जातीची वेगवान लढाऊ विमाने येऊन पोहोचली होती. २६ एप्रिल रोजी अन्न घेऊन निघालेले एक शॉर्ट विमान त्यांनी पाडले. टेहळ्या ठार झाला, चालक जखमी झाला. टेहळणीच्या विमानात टेहळ्याने पोत्यांचा हमाल व्हावे आणि त्या कामात मरावे, असा तो प्रसंग.

आता हिशेब. कुतमधील सैन्यास दररोज किमान ५,००० पौंड अन्न हवे होते. तेरा हजार माणसांत ते वाटले तर माणशी सहा औंस, आपल्या मापाने सुमारे पंधरा तोळे, म्हणजे दोन लहान भाकरींचे पीठ पडते. पंधरा दिवसांत विमानांच्या १४० खेपा झाल्या आणि एकंदर सुमारे १९,००० पौंड अन्न टाकले गेले. खेपेस सरासरी १३६ पौंड. सारे मिळून चार दिवसांचाही शिधा नव्हे. उलट २४ एप्रिलच्या रात्री 'जुलनार' नावाची एकच आगबोट २७० टन रसद घेऊन कुतकडे निघाली होती. ती पोहोचती तर याच मापाने १२० दिवसांची सोय होती. नदीत आडव्या बांधलेल्या तारेत ती अडकली आणि तुर्कांच्या हाती पडली.

आमचे म्हणणे ते हेच. कुतचे शिपाई बोटींच्या अभावी उपाशी राहिले. विमानांची उणीव ही दुय्यम गोष्ट. नदीवाहतुकीची तयारी न करता एवढे सैन्य शेकडो मैल आत ढकलले गेले, असा ठपका मेसापोटेमिया कमिशनने १९१७ साली हिंदुस्थान सरकारवर ठेविला आणि त्यापायी भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला. ज्या उपासाचे मूळ मुंबई आणि सिमल्याच्या कचेऱ्यांत होते, ते शिपायाच्या ताटात शोधण्याचे कारण नव्हते. आणि विमानांच्या शौर्याची तारीफ करावयाची तर खुशाल करावी, ती माणसे शूर होतीच. परंतु आगबोटीचे काम टेहळणीच्या विमानाकडून करून घेण्याची पाळी का आली, हा प्रश्न त्या तारिफेखाली दडपून जाऊ नये.

२९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंड शरण गेला. आदल्याच दिवशी बेळगाव येथे लोकमान्य टिळकांनी होमरूल लीगची स्थापना केली होती. मराठा रेजिमेंटचे ठाणे पुढे १९२२ पासून त्याच बेळगावात झाले. टाउनशेंडास तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर बंगला दिला. त्याच्या शिपायांस वाळवंटातून पायी हाकीत नेले; पुष्कळसे हिंदी कैदी रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामास लावले गेले. कैद्यांपैकी हजारो परत आले नाहीत. ११७ व्या पलटणीस युद्धानंतर 'रॉयल' ही पदवी मिळाली.

मेसापोटेमियात पडलेल्या ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसऱ्यास एक स्मारक उभारले आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत मात्र पलटणीच्या नावाखाली अधिकाऱ्यांची नावे देऊन 'आणि इतर इतके हिंदी सैनिक' असा आकडा कोरला आहे. युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या ब्रिटिश आयोगाने २०२१ साली ही विषमता कबूल करून क्षमा मागितली. स्मारक आता मूळ जागी नाही. १९९७ साली ते तेथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात, नेऊन बसविले. दगड हलले, आकडे होते तसेच राहिले.